चुलीखाली

शेगडी आली तेव्हा तिला ठेवायला जागा नव्हती.
कट्ट्याच्या वेल्डरने जुन्या पिंपाची केलेली,
तीन पायांची, पाठीतून धुराडं निघालेलं.
टेम्पोवाला म्हणाला, वजन आहे, सही करा.
पंधरा दिवस ती अंगणात ताडपत्रीखाली उभी,
चपला न काढता
दारातच थांबलेल्या पाहुणीसारखी.

आत चूल होती.
पण ओटा बारा महिने घामेजलेला.
काडेपेटी ठेवली की गुल मऊ,
आणि मीठ बरणीतल्या बरणीत
समुद्राकडे परत निघालेलं.
तळाशीलला घर घेताना सगळ्यांनी सांगितलं होतं,
पुढे दर्या, मागे खाडी,
मध्ये तू आणि मूठभर वाळू.
मी म्हटलं होतं, स्वस्त आहे.

पास्कू मेस्त्रीने ओट्यावरून बोट फिरवलं
आणि जिभेला लावलं.
"खारट," म्हणाला, आमटीबद्दल म्हणावं तसं.
"बाये, ओल वरसून येणा नाय. खालसून येता.
चिरो पाणी पिता."

मी तोवर छपराला अठरा हजार घातले होते.

मग पहार.
आधी सारवणाचे पापुद्रे, एकाखाली एक,
किती दिवाळ्या ते मोजणं सोडून दिलं.
मग काजळी. मग जांभा, वरून काळा,
खालच्या अंगाला पांढरी लव फुटलेली.
आणि त्याच्याही खाली
शिंपले.
तिसऱ्यांचे, हजारो,
सगळे पालथे,
ओळीने, बोटाने दाबून बसवलेले.

पास्कूची पहार थांबली.

हे कुणा गवंड्याचं काम नव्हतं.
कालवण झाल्यावर उरलेले
रोजचे वीस-तीस,
कुणीतरी कित्येक वर्षं साठवले असणार
ओलीला अडवायला.
उताऱ्यावर एक नाव आहे, देवकी सोमा जुवाटकर.
ती असेल, नसेल.
मला ती एवढीच माहीत:
नावापुढे कंस, कंसात मयत.

"हुशार होती," पास्कू म्हणाला.
"पण गोड्या पाण्यात धुवूक नाय.
खार थयच ऱ्हवलो. खार पाण्याक हाक मारता."
म्हणजे जिला बाहेर ठेवायचं
तिलाच ती ओंजळीओंजळीने
घरात आणत होती.

तो घमेलं घेऊन टाकायला निघाला.
मी म्हटलं, थांब.
का, ते मला सांगता आलं नाही.
विहिरीवर सात पाण्यांनी धुतले,
सातव्या पाण्यालाही मी जीभ लावून बघितली.

पुढचं साधं आहे.
खड्डा कमरेइतका. वीतभर खडी.
डांबर, त्यावर जाड प्लास्टिक,
कडा वर वळवलेल्या, पत्रावळीच्या द्रोणासारख्या.
देवकीचे शिंपले खडीच्या वर, प्लास्टिकच्या खाली,
पुन्हा पालथे.
पास्कू हसला नाही.
त्याने दोन सरळ केले, जे मी उताणे ठेवले होते.
मग विटा, मग कोबा,
आणि कोबा झाल्यावर म्हणाला,
आता एकवीस दिवस
सकाळ-संध्याकाळ पाणी मार.
मी त्याच्याकडे बघत राहिले.
"ओल्यो ऱ्हवलो तरच घट्ट होतलो," म्हणाला,
आणि सायकलला टांग मारून गेला.

तेव्हा एकवीस दिवस मी
ओल थांबवण्यासाठी
बादल्या ओतल्या.

शेगडी आत आली चौघांच्या खांद्यावरून.
पहिला जाळ सोडणांचा, सुरूच्या काटक्यांचा.
धुराड्याने एकदा खोकून
वाट धरली.
काडेपेटी आता ओट्यावर ठेवते, मुद्दाम.

श्रावणात मागच्या कोपऱ्यात
अंगठ्याएवढा डाग आला.
पास्कूला निरोप धाडला.
त्याने बोट फिरवलं, जिभेला लावलं, विचार केला.
"गोडा आसा," म्हणाला. "खारट नाय.
तितक्या ऱ्हवांदे. भुईक तोंड होया."

त्याने पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.
डागाकडे पाठ करून बसला होता,
कप शेगडीच्या कडेवर,
आणि माझ्या छपराबद्दल
एक शब्द बोलला नाही.